मांडव, भिंत आणि मुखत्यारपत्र

यवतमाळच्या माणसाशी नवरात्राविषयी बोलू लागावे, की तिसऱ्या वाक्याला कोलकाता येते. कोलकात्याच्या खालोखाल देशात दुर्गोत्सव कोठे होत असेल तर तो आमच्याकडे, हे वाक्य तिथे इतक्यांदा उच्चारले जाते की ती आता माहिती राहिलेली नाही. गावाच्या नावामागे लागलेली ती एक उपाधीच झाली आहे. त्यातला अभिमान अगदीच पोकळ नाही. घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत आठवडी बाजार, दत्त चौक, वडगाव, आर्णी रस्ता असे सारे गाव रात्र रात्र जागे असते. दारव्हा, नेर, कळंब, घाटंजी इकडची माणसे लेकराबाळांसह येतात आणि मांडवामागून मांडव पाहत पायी हिंडतात. पण दुसऱ्या क्रमांकाचा अभिमान ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. आपण दुसरे म्हणवून घेतो तेव्हा माप आपले नसते, पहिल्याकडून उसने आणलेले असते. मूर्तीची उंची, मांडवांची संख्या, दिव्यांचा झगमगाट, लोटलेली गर्दी या मापांनी कोलकाता पहिलेच राहणार, आणि आपण जन्मभर त्याच्या पाठीमागे चालत राहणार.

मला येथे दुसरे एक माप लावून पाहावयाचे आहे. कलावंत आणि वस्ती मिळून जेव्हा एखादी वस्तू चार रस्त्यांवर उभी करतात, तेव्हा वस्तीचा वाटा नेमका कोठे असतो? वर्गणीत असतो, की आकारात?

हा प्रश्न आपल्या समीक्षेने फारसा विचारलेला नाही. तिला त्याची लाज वाटत असावी असा माझा समज आहे. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे आपल्याला दिली. 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५ साली निघाले आणि पुढे कित्येक वर्षे आपण त्या मापांनी कविता, चित्रे, इमारती मोजल्या. पण ज्या कलाकृतीपुढे प्रसादाची रांग लागलेली आहे, कर्णा वाजतो आहे, नगरसेवकाची तसबीर लटकते आहे आणि जी दहाव्या दिवशी पाण्यात जाणार आहे, तिच्यापुढे ही मापे घेऊन उभे राहण्याचे धैर्य कोणी केले नाही. आपण तिला लौकिक म्हणून सोडून दिले. मग तिचे मूल्यमापन बक्षीस समित्यांकडे गेले. २०२२ पासून राज्य शासनही उत्कृष्ट सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांना पारितोषिके देते. त्यात पर्यावरण, ध्वनी, समाजकार्य असे विचार प्रमुख असतात. ते विचार चांगलेच आहेत. फक्त त्या गुणपत्रिकेवरून देवीच्या चेहऱ्याविषयी काही कळत नाही.

'सार्वजनिक' या शब्दापासूनच सुरुवात करू. आज या शब्दाचा अर्थ 'कोणाचेही नसलेले' इथवर घसरला आहे. सार्वजनिक नळ, सार्वजनिक मुतारी. पण १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली तेव्हा या शब्दाला एक अट जोडलेली होती. सभेचा सभासद व्हावयाचे तर निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. म्हणजे सार्वजनिक माणूस तो, ज्याला बोलण्याचा अधिकार इतरांनी दिलेला आहे. पुढे १८९३ नंतर हा शब्द गणेशोत्सवाला चिकटला आणि सर्वतोमुखी झाला. मुखत्यारपत्र मात्र मागे पडले. सार्वजनिक कलेचा विचार करताना मला ते कागद पुन्हा मागावेसे वाटतात. हा चितारी, हा मूर्तिकार, हा भिंत रंगवणारा कोणाच्या वतीने बोलतो आहे? आणि ज्यांच्या वतीने बोलतो, त्यांनी त्याला काय सांगितले होते?

यवतमाळच्या मांडवात हे मुखत्यारपत्र आहे, असे माझे म्हणणे आहे. ते कागदावर नाही; मूर्ती ठरवण्याच्या रीतीत आहे. पावसाळा अर्ध्यावर आला की मंडळाची बैठक बसते. मागच्या वर्षी चेहरा उग्र झाला होता, म्हाताऱ्या बायकांना तो रुचला नव्हता. औंदा सौम्य हवी, पण डोळ्यांत पाणी नको, तेज हवे. वाघ मांजरासारखा दिसला होता, त्याचे काहीतरी करा. मूर्तिकाराला इसार दिला जातो आणि मग त्याच्या छपरीत वस्तीच्या फेऱ्या सुरू होतात. बांबूचा सांगाडा, त्यावर सुतळीने आवळलेले तणस, त्यावर मातीचे थर. या प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी येऊन उभा राहतो आणि काहीतरी बोलून जातो. बरेचसे बोलणे निरर्थक असते, मूर्तिकार मान हलवतो आणि आपल्याला हवे तेच करतो. पण सगळेच निरर्थक नसते. 'मूर्ती बोलते', 'चेहरा उतरला नाही', 'नजर लागली नाही', 'हात आखडले', 'बैठक बसली नाही' हे शब्द ऐकावेत. ही आस्वादाची परिभाषा आहे आणि ती कोणत्याही कलाशाळेत शिकवलेली नाही. 'नजर लागली नाही' म्हणजे बुबुळे अशा कोनात रंगवली गेली की समोर उभ्या राहिलेल्या माणसाला देवी आपल्याकडे पाहते आहे असे वाटत नाही. आठ हात, वाघ, महिषासुर, हा सगळा पसारा त्या दोन टिंबांवर तोललेला असतो. समतोल हा शब्द मर्ढेकरांनी वापरला तो यापेक्षा फार निराळ्या अर्थाने नव्हे.

या देवीचे रूपही नीट पाहण्यासारखे आहे. यवतमाळच्या दक्षिणेला, पैनगंगेपलीकडे, माहूरची रेणुका आहे. ती म्हणजे नुसते मुख. शेंदराने माखलेला, हात-पाय नसलेला तांदळा. या मुलखाच्या भक्तीतली देवी ती. बंगालची दुर्गा याच्या अगदी उलट. दहा हात, एका चौकटीत लक्ष्मी, सरस्वती, गणपती, कार्तिकेय असा माहेराला आलेल्या लेकीचा परिवार. यवतमाळच्या चौकात बसते ती या दोघींपैकी कोणीच नव्हे. ती वाघावर बसलेली, बहुधा एकटी, आठ हातांची आणि नऊवारीच्या निऱ्या नीट घातलेली अशी असते. माहूरच्या मुखाला येथे धड मिळाले आहे आणि बंगालच्या परिवारातून लेक एकटी निघून आली आहे. ही मूर्ती कोण्या एका कलावंताने योजलेली नाही. वर्षानुवर्षे वस्तीने 'असे नको, तसे करा' म्हणत म्हणत ती घडत गेली. खालोखाल आणि वरचढ ही भाषा तेवढ्यासाठीच मला खटकते. जी मूर्ती आपली आहे तिची स्पर्धा कोणाशी लावायची?

बंगालचे उदाहरण तरीही उपयोगाचे आहे, पण निराळ्या कारणाने. तिकडच्या बारोयारी पूजेची कथा बारा मित्रांपासून सुरू होते. एका घराच्या वाड्यातली पूजा बाराजणांनी वर्गणी काढून बाहेर आणली. कुमारटोळीत मूर्तीच्या मातीत वेश्यावस्तीच्या दारची माती मिसळण्याची प्रथा आहे. ज्यांना पूजेला बोलावणे नसते त्यांच्या दारची माती देवीच्या अंगात असते. या प्रथेत करुणा किती आणि ढोंग किती हे मी सांगू शकत नाही, पण वस्ती आकारात शिरावी कशी याचे इतके उघड उदाहरण दुसरे नाही. आणि भवानीपूरच्या बकुलबागानसारख्या मंडळाने तर नीरद मजुमदार, मीरा मुखर्जी यांसारख्या चित्रकार-शिल्पकारांना मूर्तीसाठी पाचारण केले. दालनातला कलावंत गल्लीत आला आणि गल्लीच्या तावडीत सापडला. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने कोलकात्याच्या दुर्गापूजेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातले ते दिव्यांच्या माळांसाठी नसावे.

आपल्याकडे हा प्रवास उलट दिशेने झाला. सासवण्याचे विनायक पांडुरंग करमरकर हे गणपती घडवणाऱ्या घरातले. ते जे. जे. कलाशाळेत गेले, कलकत्त्यालाही त्यांनी शिल्पशाळा चालवली आणि १९२८ साली पुण्यात त्यांचा अश्वारूढ शिवाजी उभा राहिला. गल्लीतला हात दालनात गेला, थोर झाला. परंतु दालनातला हात गल्लीत परत आल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडी. विदर्भात नागपूरच्या महालातली चितारओळी पाहावी. भोसल्यांच्या काळापासूनची ही मूर्तिकारांची गल्ली. तिचे नाव कुंभारावरून पडले नाही, चिताऱ्यावरून पडले. आपल्या पूर्वजांनी मूर्ती ही आधी रंगवावयाची वस्तू मानली, असा तर्क या नावावरून करण्याचा मोह होतो. त्या गल्लीवर आमच्या कलासमीक्षकांनी लिहिलेले चार चांगले लेख मला कोणी दाखवावेत!

आता मांडवाच्या दुखण्याकडे वळतो. गेल्या काही वर्षांत देखाव्याचा एक प्रकार सगळ्या महाराष्ट्रात बोकाळला आहे. केदारनाथ, तिरुपती, अयोध्या, कुठला तरी राजवाडा यांची हुबेहूब प्रतिकृती हा तो प्रकार. एका ठेकेदाराशी करार होतो, तो चौकटी, कापड, फायबरचे खांब घेऊन येतो, आठ दिवसांत मंदिर उभे राहते आणि नवरात्र संपताच तेच खांब दुसऱ्या गावाला जातात. यवतमाळही याला अपवाद नाही. या प्रकाराविरुद्ध पैशाची उधळपट्टी, विजेचा अपव्यय असे आक्षेप घेतले जातात. ते माझे आक्षेप नव्हेत. उत्सवात उधळपट्टी होणारच, ती नसेल तर तो उत्सव कसला? माझा आक्षेप 'हुबेहूब' या शब्दाला आहे. प्रतिकृतीपुढे वस्तीला बोलण्यासारखे काही उरत नाही. खांब बारीक झाला असे म्हणावे तर उत्तर तयार असते: मूळ मंदिरात तो तेवढाच आहे. चूक-बरोबर ठरवण्याचा अधिकार गल्लीच्या हातून निसटून एका छायाचित्राकडे गेलेला असतो. छपरीतल्या त्या फेऱ्या, ते टोचून बोलणे, ते 'औंदा सौम्य हवी' सगळे संपते. वर्गणी पूर्वीपेक्षा दसपट होते आणि मुखत्यारपत्र फाडले जाते. गर्दी वाढल्यामुळे हे कोणाच्या ध्यानात येत नाही इतकेच.

भिंतींची कथा याहून वाईट, कारण तिथे मुखत्यारपत्र कधी लिहिलेच गेले नव्हते. २०१६ पासून स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने शहराशहरांच्या भिंती रंगवण्याची लाट आली. महाराष्ट्रातल्या कोणत्याही जिल्ह्याच्या गावी बसस्थानकासमोरची भिंत पाहावी. गेरूवर पांढऱ्या त्रिकोणांची वारली माणसे फेर धरून नाचत असतात आणि शेजारी ओला कचरा-सुका कचरा लिहिलेले असते. वारली चित्रे डहाणू-तलासरीकडची. लग्नाच्या वेळी सवाष्णींनी घरातल्या भिंतीवर काढावयाचा तो चौक, त्यात पालघट देवी. जिव्या सोमा मशे यांनी ती कला घरातल्या भिंतीवरून कागदावर आणली तेव्हा तीत त्यांचे स्वतःचे काही होते. पण बसस्थानकाच्या भिंतीवर ती येते तेव्हा ती कोणाचीच नसते. यवतमाळ जिल्ह्यात केळापूर, मारेगाव, झरी-जामणी या भागांत गोंड आणि कोलाम राहतात. कोलामांचे बांबूचे विणकाम प्रसिद्ध आहे, कुडाच्या भिंतीचा ताटवा ही त्यांची रोजची कला. पुसदकडे बंजाऱ्यांच्या तांड्यांवर आरसेभरतीचे काम आहे. त्यांना 'आदिवासी कला' म्हणून भिंतीवर चिकटवा असे मी म्हणत नाही. तो आणखी एक अपराध होईल. एवढेच म्हणतो की ठेका देण्याआधी त्या भिंतीसमोर रोज रसाचा गाडा लावणाऱ्याला कोणी विचारले होते काय? त्याने 'काही नको, पांढरी ठेवा' म्हटले असते, तर तेही एक मत झाले असते.

मोठ्या शहरांत हा विचार झालेला नाही असे नाही. २०१५ साली धारावीत भरलेल्या बिएनालेत रहिवासी आणि कलावंत यांनी आरोग्याच्या प्रश्नांवर एकत्र बसून वस्तू तयार केल्या आणि त्या त्याच गल्ल्यांत मांडल्या. २०१७ च्या अखेरीस ससून गोदीत, त्या १८७५ च्या जुन्या मासळीच्या बंदरावर, मोठा कलामहोत्सव झाला आणि तिथे राबणाऱ्या माणसांचे भव्य चेहरे भिंतींवर लागले. दोहोंत फरक आहे. ससून गोदीत वस्ती विषय होती. धारावीत ती निदान काही अंशी कर्ती होती. चेहरा भिंतीवर लावणे हा सन्मान खरा. परंतु कोळणीला आपला चेहरा किती मोठा हवा, तो हवा की नको, हे ठरवण्याची मुभा असणे ही त्यापुढची पायरी आहे.

याच्याही आधीचे, आणि माझ्या मते अधिक भक्कम उदाहरण कोल्हापूरच्या बिंदू चौकातले. ९ डिसेंबर १९५० रोजी तिथे महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे उभे राहिले. आंबेडकर तेव्हा हयात होते. पुढाकार भाई माधवराव बागलांचा, जे स्वतः चित्रकार होते. त्यानंतर महाराष्ट्रातल्या वस्त्यावस्त्यांत वर्गणीतून, मजुरीतून पैसा साठवून आंबेडकरांचे पुतळे उभारले गेले. निळा कोट, हातात पुस्तक, उंचावलेले बोट. कलाशाळेच्या नजरेने पाहिले तर त्यांतले कित्येक बेढब आहेत. मान आखूड असते, बोट लांब असते. पण त्या लांब बोटात वस्तीचा वाटा आहे, कारण ते बोट किती उंच हवे हे तिनेच ठरवलेले आहे. 'हुबेहूब' मंदिरापेक्षा मला तो बेढब पुतळा अधिक सार्वजनिक वाटतो, आणि कला म्हणूनही अधिक जिवंत.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडोंना इस्पितळात न्यावे लागले. त्या वर्षीचे नवरात्र सप्टेंबरच्या अखेरीस आले, म्हणजे इस्पितळातल्या खाटा भरलेल्या असतानाच. ज्या कापसावर हे गाव उभे राहिले, ज्याच्या जिनिंगसाठी आणि गाठींसाठी १९०३ साली मूर्तिजापूरहून अरुंद रूळ टाकले गेले, त्या कापसानेच माणसे घेतली. देवीच्या आठ हातांत आयुधे असतात. महिषासुर प्रत्येक पिढीला निराळा दिसावा अशीच त्या कथेची योजना आहे. माझा प्रश्न असा: फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला माणूस त्या देखाव्यात कोठे उभा राहू शकेल? देवीच्या पायाशी, महिषाच्या जागी, की तिच्या हाताखाली? हे भित्तिपत्रकासारखे करावे असे मला सुचवायचे नाही. 'शेतकरी वाचवा' असा फलक लावून देखावे होतात आणि ते विसरले जातात. फलक लावणे सोपे. त्या माणसाची जागा मूर्तीच्या रचनेत शोधणे कठीण, आणि ते काम एकट्या मूर्तिकाराचे नव्हे, ज्याच्या घरचा माणूस गेला तो शेजारी बसून बोलल्याशिवाय ते व्हावयाचेच नाही.

नागपूरकरांजवळ अशी एक रीत आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, अनुक्रमे १८८१ आणि १८८५ पासून, आणि त्यांच्यासोबत बडगे. बडग्या म्हणजे त्या वर्षी लोकांना जे सलते त्याचा पुतळा. महागाई, लाच, एखादा पुढारी, एखादा रोग. वस्ती तो करते, त्याच्या गळ्यात पाटी अडकवते, मिरवते आणि जाळते. मारबतीत नाजूकपणा नाही, पण तिच्यात बोलण्याचा हक्क शाबूत आहे. विदर्भातल्या पोळ्यात झडत्या म्हणतात त्यांतही तोच हक्क. बैलांच्या तोरणाखाली उभे राहून सावकाराला आणि सरकारला दोन शब्द सुनावण्याची ती वेळ. नवरात्राच्या मांडवाजवळ मूर्तिकला आहे, पोळ्याजवळ वाणी आहे. दोन्ही एकाच वर्षाच्या, एकाच मुलखाच्या, महिन्याभराच्या अंतराने येणाऱ्या गोष्टी. त्यांची गाठ घालून देणारा कलावंत अजून दिसत नाही.

दिसत नाही म्हणताना एक अपवाद केला पाहिजे, तो रंगभूमीचा. श्याम पेठकरांनी लिहिलेले आणि हरीश इथापे यांनी बसवलेले 'तेरवं' हे नाटक आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवांनी आणि लेकींनी रंगमंचावर उभे केले. त्यांत कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे होत्या. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला ९२वे साहित्य संमेलन भरले, नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्याची नामुष्की ओढवली आणि उद्घाटनाला येडे उभ्या राहिल्या. त्या प्रसंगाचे राजकारण येथे बाजूला ठेवतो. 'तेरवं'कडे समीक्षेच्या दृष्टीने पाहावे. दुःखाचे प्रदर्शन मांडण्याचा धोका तिथे पावलोपावली होता. दिग्दर्शक शहाणा नसता तर त्या बायका आपल्याच दुःखाच्या प्रतिकृती, म्हणजे पुन्हा 'हुबेहूब', झाल्या असत्या. पण शब्द लेखकाचे असले तरी त्यांतला विदर्भी हेल, थांबणे, पदर सारखा करणे हे त्यांचे स्वतःचे होते. लेखकाच्या वाक्याला त्यांच्या श्वासाशी जुळवून घ्यावे लागले. वस्तीचा वाटा आकारात पडला तो तिथे.

मूर्तिकाराला हे साधेल का? साधेल असे मला वाटते, कारण छपरीत येऊन टोचून बोलणारी माणसे अजून पुरती संपलेली नाहीत. मात्र त्यांच्या बोलण्याचा कुठे मागमूस राहत नाही. मांडवाच्या दारात मोठा फलक असतो, त्यावर पाहुणे, पदाधिकारी, जाहिरातदार यांची नावे ओळीने असतात. मूर्तिकाराचे नाव असलेच तर खालच्या कोपऱ्यात, मोबाईलच्या आकड्यासकट, म्हणजे तेही जाहिरात म्हणूनच. दसऱ्यानंतर बांबू सुटतात, माती पाण्यात जाते आणि मंडळाच्या वहीत खर्चाच्या बाजूला 'मूर्ती' एवढा एक शब्द आणि पुढे रक्कम उरते. त्या ओळीत मूर्ती घडवणाऱ्याचे नाव, माती कुठली आणली, आणि औंदा वाघाचे तोंड कोणाच्या सांगण्यावरून बदलले, एवढे लिहिण्याइतकी जागा रिकामी असते.